राष्ट्रांनी माफी मागावी का?

'माफी मागणे' आणि 'दिलगिरी व्यक्त करणे' हे दोन शब्दप्रयोग आपण रोजच्या बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. वास्तविक त्यांच्यात मोठे अंतर आहे. दिलगिरी व्यक्त करणारा म्हणतो, 'जे झाले त्याचे मला वाईट वाटते.' माफी मागणारा म्हणतो, 'जे झाले ते माझ्या हातून झाले.' पहिल्या वाक्यात दुःख आहे, दुसऱ्यात जबाबदारी आहे. मुंबईची लोकल उशिरा धावत असली की स्थानकावरचा ध्वनिक्षेपक प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. चूक कोणाची, हे त्या घोषणेतून कोणालाही कळत नाही आणि ते कळावे असा तिचा उद्देशही नसतो.

१० एप्रिल २०१९ रोजी ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे यांनी हाऊस ऑफ कॉमन्समध्ये जालियनवाला बागेतील हत्याकांडाविषयी निवेदन केले. शताब्दीला तीन दिवस उरले होते. ही घटना ब्रिटिश-भारतीय इतिहासावरचा लज्जास्पद डाग आहे, जे घडले त्याचा आम्हाला तीव्र खेद वाटतो, असे त्या म्हणाल्या. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी तिथल्या तिथे स्पष्ट आणि निःसंदिग्ध माफीची मागणी केली. ती मान्य झाली नाही. खेद मिळाला, माफी मिळाली नाही.

या दोन शब्दांतल्या अंतराचा एवढा कीस कशाला काढायचा, असे कोणी विचारील. शंभर वर्षांपूर्वी गेलेली माणसे काही माफीने परत यायची नाहीत. शिवाय माफी मागणाऱ्याचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता आणि जे माफी स्वीकारणार तेही त्या बागेत नव्हते. मग हे नाटक कोणासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी त्या दिवसाकडे आणि त्यानंतरच्या वर्षाकडे नीट पाहावे लागेल.

गोळीबार आणि त्यानंतर

१३ एप्रिल १९१९ हा बैसाखीचा दिवस. ब्रिगेडियर जनरल रेजिनाल्ड डायर पन्नास बंदूकधारी शिपाई घेऊन बागेत शिरला आणि जमावाला कोणतीही सूचना न देता त्याने गोळीबाराचा हुकूम दिला. सुमारे दहा मिनिटांत १६५० फैरी झाडल्या गेल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मेली. काँग्रेसच्या चौकशी समितीचा अंदाज हजाराच्या आसपास होता. डायर जखमींना तसेच टाकून निघून गेला. शहरात संचारबंदी होती, त्यामुळे त्या रात्री नातेवाइकांना आपली माणसे शोधायलाही बाहेर पडता येईना. पुढे ज्या गल्लीत एका इंग्रज स्त्रीवर हल्ला झाला होता, त्या गल्लीतून जाणाऱ्या हिंदी माणसाने पोटावर सरपटत गेले पाहिजे, असा हुकूमही याच डायरने काढला.

मी अमृतसरला गेलो तो २०२१ च्या नूतनीकरणापूर्वी. आत जाण्याची ती चिंचोळी वाट तेव्हा जुन्या रूपातच होती. तिच्यातून चालताना डायरच्या एका जबाबाची आठवण टाळता येत नाही. हा जबाब मिळवण्यात एका मुंबईकराचा मोठा वाटा होता. सरकारने नेमलेल्या हंटर समितीत मुंबईचे नामांकित वकील सर चिमणलाल सेटलवाड हे सदस्य होते. बागेत चिलखती मोटारी नेता आल्या असत्या तर मशीनगन चालवल्या असत्या का, असे त्यांनी डायरला विचारले. बहुधा चालवल्या असत्या, असे उत्तर आले. मशीनगन चालल्या नाहीत याचे कारण डायरची दया नव्हती. वाट अरुंद होती, एवढेच.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. हंटर समितीने डायरला दोषी ठरवले. सेटलवाड आणि इतर दोघा हिंदी सदस्यांनी अधिक कठोर शब्दांत वेगळा अहवाल लिहिला. डायरला पद सोडावे लागले, पण त्याच्यावर खटला झाला नाही. समितीचे काम सुरू होण्यापूर्वीच अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झालेला होता. जुलै १९२० मध्ये हाऊस ऑफ कॉमन्समध्ये विन्स्टन चर्चिल यांनी या कृत्याला राक्षसी म्हटले. त्याच महिन्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने मात्र १२९ विरुद्ध ८६ मतांनी डायरच्या बाजूचा ठराव संमत केला. 'मॉर्निंग पोस्ट' या लंडनच्या दैनिकाने त्याच्यासाठी निधी उघडला आणि वाचकांनी त्यात २६ हजार पौंडांहून अधिक रक्कम टाकली.

हा तपशील मुद्दाम दिला. एका माथेफिरू अधिकाऱ्याचे कृत्य म्हणून ही घटना बाजूला काढता येत नाही. ते कृत्य घडल्यावर शासनाने त्याला कायद्याचे कवच दिले, संसदेच्या एका सभागृहाने त्याची पाठराखण केली आणि नागरिकांनी त्याची थैली भरली. गुन्हा एकाचा असतो तेव्हा शिक्षा पुरते. गुन्ह्याला राष्ट्राच्या संस्थांनी पदराखाली घेतले असेल, तर हिशेब त्या संस्थांकडेच मागावा लागतो.

एकच पंतप्रधान, दोन न्याय

१९९७ मध्ये, आपल्या स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, राणी एलिझाबेथ भारतात आल्या. दिल्लीच्या मेजवानीत त्यांनी आपल्या भूतकाळात काही कठीण प्रसंग असल्याचे सांगून जालियनवाला बागेचा उल्लेख केला आणि दुसऱ्या दिवशी बागेत जाऊन पुष्पचक्र वाहिले. त्याच भेटीत प्रिन्स फिलिप यांनी तिथल्या फलकावरील दोन हजार हुतात्म्यांच्या आकड्यावर शंका काढली आणि राणीच्या फुलांपेक्षा त्यांच्या शंकेचीच चर्चा अधिक झाली. आकडा फुगलेला असेलही. पण दुखवट्याला आलेल्या पाहुण्याने मृतांची मोजणी करायची नसते, हे कळायला राजघराण्यात जन्मावे लागत नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये डेव्हिड कॅमेरॉन बागेत आले. पदावर असताना तिथे येणारे ते पहिले ब्रिटिश पंतप्रधान. अभ्यागतांच्या वहीत त्यांनी ही घटना अत्यंत लज्जास्पद असल्याचे लिहिले. माफी मागितली नाही. हे माझ्या जन्माच्या चाळीस वर्षे आधी घडले आणि चर्चिल यांनी त्याचा तेव्हाच निषेध केला आहे, असे कारण त्यांनी दिले.

आता याच कॅमेरॉन यांचे दुसरे भाषण पाहू. ३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. तेरा जण त्या दिवशी मेले, एक नंतर गेला. पहिल्या चौकशीने सैनिकांना जवळजवळ निर्दोष ठरवले. नातेवाइकांनी हट्ट सोडला नाही. १९९८ मध्ये नवी चौकशी बसली, तिला बारा वर्षे लागली आणि १५ जून २०१० रोजी कॅमेरॉन संसदेत उभे राहिले. हा गोळीबार असमर्थनीय होता, सरकारच्या आणि देशाच्या वतीने मी माफी मागतो, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. डेरीच्या चौकात पडद्यावर ते भाषण ऐकणाऱ्या हजारोंनी टाळ्या वाजवल्या. आयरिश राष्ट्रवाद्यांनी ब्रिटिश पंतप्रधानाला टाळ्या द्याव्यात, हा प्रसंग विरळाच.

डेरीच्या वेळी कॅमेरॉन पाच वर्षांचे होते. पाच वर्षांच्या मुलाची जबाबदारी किती आणि न जन्मलेल्याची किती? दोन्ही शून्यच. तेव्हा जन्मतारखेची सबब टिकत नाही. खरा फरक असा की डेरीचे लोक आजही ब्रिटिश राज्यातच राहतात, त्यांच्या नाराजीची किंमत राज्याला मोजावी लागते. अमृतसरच्या लोकांच्या नाराजीची किंमत लंडनमध्ये कोणाला मोजावी लागत नाही. हे म्हणणे कटू आहे, पण माफीचे राजकारण असेच चालते, हे आपण ओळखून असावे.

तीन आक्षेप

राष्ट्रांच्या माफीविरुद्ध तीन आक्षेप नेहमी घेतले जातात.

पहिला असा की, बापाचे पाप मुलाच्या माथी मारू नये. व्यक्तीच्या बाबतीत हे शंभर टक्के खरे. पण राज्य ही व्यक्ती नव्हे. राज्य पिढ्या ओलांडून टिकते; त्याचे करार, त्याची मालमत्ता आणि त्याचे कर्जही टिकते. ब्रिटनने १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई देण्याचे ठरले. ती मिळाली गुलामांच्या मालकांना; गुलामांना काही मिळाले नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटिश तिजोरीने फेडला २०१५ मध्ये! म्हणजे आजच्या ब्रिटिश करदात्याने गुलाममालकांच्या भरपाईचे पैसे भरले आणि त्याबद्दल 'तेव्हा मी जन्मलो नव्हतो' असे कोणी म्हटले नाही. पैशाचे देणे पावणेदोनशे वर्षे चालते, मग नैतिक देणे एका पिढीत कसे बुडते?

दुसरा आक्षेप, त्या काळाची नीती वेगळी होती. आजच्या फूटपट्टीने काल मोजू नये. इतिहासाच्या अभ्यासकाने हे भान ठेवलेच पाहिजे. पण जालियनवाला बागेला ते लागू पडत नाही. रवींद्रनाथांनी 'सर' ही पदवी १९१९ मध्येच सोडली. सेटलवाड यांचे प्रश्न आणि चर्चिल यांचा निषेध त्याच वर्ष-दीड वर्षातले. कृत्य त्या काळाच्या मापानेही निंद्यच ठरले होते. सर्वसाधारण नियमच सांगायचा तर असा की, अन्याय सोसणाऱ्याला तो अन्याय कोणत्याही काळात कळतोच. 'त्या काळची नीती' म्हणताना आपण बहुतेकदा फक्त बलवानांची नीती विचारात घेतो.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे आणि तो खरा जोरकस आहे. आज माफी मागितली की उद्या भरपाई मागतील आणि हे सत्र कोठे थांबणार? सरकारी वकील 'माफी'ऐवजी 'खेद' हा शब्द सुचवतात तो याच भीतीने. केनियाचे उदाहरण घ्या. १९५० च्या दशकात माऊ माऊ उठावात छळ सोसलेल्या वृद्ध केनियनांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला. सरकारने दडवून ठेवलेली वसाहतकाळातील कागदपत्रे त्या निमित्ताने बाहेर आली. अखेर जून २०१३ मध्ये ब्रिटनने ५,२२८ जणांसाठी एक कोटी नव्व्याण्णव लाख पौंडांची तडजोड केली. परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत छळ झाल्याचे मान्य करून मनापासून खेद व्यक्त केला आणि त्याच निवेदनात कायदेशीर जबाबदारी नाकारली. पैसे दिले, पण पूर्ण शब्द दिला नाही. २०२३ मध्ये राजे चार्ल्स केनियाला गेले, तेव्हाही अत्याचारांना कोणतीही सबब असू शकत नाही असे म्हणून ते खेदापाशीच थांबले.

या भीतीत तथ्य आहे. दोनशे वर्षांच्या साम्राज्याचा रुपये-आणे-पैचा हिशेब कोणालाही मांडता येणार नाही. पण सगळे देणे फेडता येत नाही म्हणून देणे होते हेही नाकारायचे, हा सावकारी न्याय झाला.

माफी कशी असावी

अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. १९८८ च्या कायद्याने सरकारने चूक मान्य केली, माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. अमेरिका दिवाळखोर झाली नाही. माफी देणारे आणि घेणारे दोघेही हयात होते, चुकीचे नाव घेतले गेले आणि रक्कम ठरलेली होती, म्हणून हा व्यवहार नीट पार पडला.

'कोमागाता मारू'ची गोष्ट आपल्याला जवळची. १९१४ मध्ये ३७६ प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरला गेलेली ही बोट कॅनडाने दोन महिने अडवून परत पाठवली. प्रवाशांत बहुसंख्य पंजाबी शीख होते. बोट बंगालमध्ये बजबजला परतली, तेव्हा ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात अनेक जण मेले. २००८ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी सरे येथील एका मेळाव्यात या प्रकाराबद्दल माफी मागितली. जमलेल्या शिखांच्या संघटनांनी ती नाकारली. बागेतल्या मेळाव्यात नव्हे, संसदेत मागा, असे त्यांचे म्हणणे. ज्या राज्याने कायदा करून दार लावले, त्याने कायदे होतात त्याच जागी बोलावे, हा त्यातला आशय. मे २०१६ मध्ये जस्टिन ट्रूडो यांनी कॅनडाच्या संसदेत माफी मागितली, तेव्हा ती स्वीकारली गेली.

उलट उदाहरणेही आहेत. जर्मनीने १९०४ ते १९०८ या काळात आजच्या नामिबियात हेरेरो आणि नामा जमातींचा संहार केला. मे २०२१ मध्ये जर्मनीने त्याला वंशसंहार म्हटले आणि तीस वर्षांत एक अब्ज दहा कोटी युरोंची मदत देऊ केली. पण वाटाघाटी सरकारासरकारांत झाल्या. आम्हाला त्यांत बसवलेच नाही, म्हणून त्या जमातींच्या अनेक नेत्यांनी करार धुडकावला. जपान आणि दक्षिण कोरियाने डिसेंबर २०१५ मध्ये जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांचा प्रश्न 'अंतिम आणि अपरिवर्तनीय' रीतीने सुटल्याचे जाहीर केले. हयात असलेल्या त्या वृद्ध स्त्रियांना विश्वासात घेतले नव्हते. पुढच्या कोरियन सरकारने त्या करारातून उभी राहिलेली संस्थाच गुंडाळली. ज्याचे दुःख त्याला बाजूला बसवून केलेली माफी अशी वाऱ्यावर जाते.

आणि एक प्रसंग असा, ज्यात शब्दच नव्हते. ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सामध्ये ज्यूंच्या स्मारकापुढे अचानक गुडघे टेकून बसले. ब्रांट हे स्वतः नाझींचे विरोधक. तरुणपणी त्यांना देश सोडून पळावे लागले होते. त्यांच्या अंगावर व्यक्तिशः कोणतेही पाप नव्हते. तरीही ते टेकले, कारण ते तेथे ब्रांट म्हणून आले नव्हते, जर्मनी म्हणून आले होते. त्या वेळच्या पाहणीत ४८ टक्के जर्मनांना हे अतिरेकी वाटले, योग्य वाटणारे ४१ टक्के होते. माफी मागणाऱ्या नेत्याला पहिला विरोध घरातूनच होतो. तो सोसायची तयारी असेल, तरच माफीला वजन येते.

माझे उत्तर म्हणूनच 'होय' असे आहे, पण अटींसह. चुकीचे नाव घ्यावे. ती अधिकाराच्या जागेवरून मान्य करावी. ज्यांचे दुःख त्यांना विचारावे. आणि जिवंत माणसांसाठी जे करता येण्याजोगे आहे ते करावे. केवळ शब्दांनी काम भागत नाही हे ऑस्ट्रेलियाने दाखवले आहे. आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडल्याबद्दल पंतप्रधान केविन रुड यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये संसदेत माफी मागितली, देश हेलावला. २०२३ मध्ये मात्र आदिवासींना घटनेत सल्लागार आवाज देण्याचा प्रस्ताव त्याच देशाने सार्वमतात फेटाळला.

आपल्या अंगणात

लंडनकडे माफी मागताना आपले अंगण झाडलेले आहे काय, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

ऑगस्ट २००५ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी राज्यसभेत १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाबद्दल शीख समाजाची आणि देशाची माफी मागितली. शरमेने माझी मान खाली जाते, असे ते म्हणाले. एकट्या दिल्लीत सरकारी आकड्यानुसार २,७३३ माणसे मेली होती. सिंग स्वतः शीख; माफी मागणारे आणि जखमी दोन्ही तेच. पण सज्जनकुमार या बड्या नेत्याला उच्च न्यायालयाकडून जन्मठेप व्हायला डिसेंबर २०१८ उजाडले. माफी आली एकवीस वर्षांनी, हा न्याय चौतीस वर्षांनी.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या अधिक जवळचे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कैकाडी, कंजारभाट, पारधी, टकारी अशा अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. मूल जन्मताच आरोपी. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण होते आणि आतल्या माणसांना हजेरी द्यावी लागे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणजे देशाच्या स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे सोळा दिवसांनी. या समाजांत आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ मध्ये आला आणि पोलिसांची नजर तीच राहिली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ही आत्मकथने आपण साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरवली. पण गावात चोरी झाली की पहिली धाड कोणत्या पालावर पडते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजणारे उल्लेख घटनाबाह्य ठरवले. कुंपण पडून बहात्तर वर्षे झाली, तरी ते कागदावर उभेच होते.

हा कायदा इंग्रजांनी केला, म्हणून माफी त्यांनी मागावी, हे बरोबर. पण १९५२ नंतरची बहात्तर वर्षे आपली आहेत. राज्याचे कर्ज टिकते तसे अपराधही टिकतात, हा युक्तिवाद मी वर लंडनविरुद्ध केला. तो मुंबई आणि दिल्लीलाही तितकाच लागू आहे. कायदा रद्द करणे म्हणजे माफी नव्हे.

जालियनवाला बागेसाठी ब्रिटिश संसदेकडून माफीचा तो एक शब्द आपण मागत राहावे. तो आपला हक्क आहे. त्याचबरोबर एखाद्या ३१ ऑगस्टला आपल्या विधानसभेने विमुक्तांसाठी तोच शब्द उच्चारावा आणि त्याच बैठकीत सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्याचे काय करायचे, तेही ठरवावे. त्यासाठी लंडनची परवानगी लागत नाही.